नऊ वर्षं फील्डवर, ११ हजार मानधन... मी स्वार्थी झाले का?

पत्र आलंय ते थोडक्यात देते, ओळख पटेल असं काढून टाकलंय.

"ताई, मी नंदुरबार जिल्ह्यातली, धडगावकडची, पावरा समाजातली. वय ३४. बारावीनंतर बाहेरून बीए केलं. एका संस्थेत ९ वर्षं फील्डवर आहे. वनहक्काचे दावे, बचत गट, कुपोषणाचं काम सगळं केलं. पाड्यावर सभा असली की पावरीतून मीच बोलते, पाहुणे आले की त्यांना मराठीतून मीच सांगते. मला महिना ११,००० मानधन आहे, दर वर्षी ११ महिन्यांचं पत्र देतात. मागच्या वर्षी पुण्याहून एक मुलगी प्रोजेक्ट ऑफिसर म्हणून आली, एमएसडब्ल्यू झालेली, तिला ४५,००० आहेत हे अकाउंटवाल्या दादाकडून कळलं. तिला गावं मीच दाखवली. आम्ही २६ जण आहोत त्यात १९ आदिवासी, पण विश्वस्त मंडळात सात जण आहेत ते सगळे पुण्या-मुंबईचे, आमच्यातलं कोणीच नाही. मी वाढ मागितली तर मोठ्या ताई म्हणाल्या, 'आपण नोकरी करत नाही गं, आपण काम करतो.' रात्रभर झोप लागली नाही. वार्षिक अहवालाच्या कव्हरवर माझा फोटो आहे, खाली लिहिलंय आदिवासी महिला कार्यकर्ती. मी स्वार्थी झाले का? सोडून देऊ की गप्प बसू?"

प्रिय मैत्रिणी,

नाही, तू स्वार्थी झाली नाहीस. हे आधी सांगून टाकते कारण तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला असंच वाटलं की पैशापेक्षा त्या एका वाक्याने तुला जास्त लागलंय. 'आपण नोकरी करत नाही, काम करतो.' हे वाक्य मीही ऐकलंय, जवळजवळ याच शब्दांत.

१९९६ ते २००७ अशी अकरा वर्षं मी मराठवाड्यातल्या एका संस्थेत होते. दर महिन्याला व्हाउचरवर रेव्हेन्यू स्टँप लावायचा, त्याच्यावर आडवी सही करायची, आणि व्हाउचरवर छापलेलं असायचं 'मानधन मिळाले'. पगार हा शब्द कुठेच नाही. सुटले तेव्हा मला ५,२०० मिळत होते. निरोपाला शाल आणि नारळ दिला, चार जण छान बोलले, मी रडले पण, आणि एसटीने घरी आले. त्याच महिन्यात वडलांना अॅडमिट करावं लागलं आणि माझ्याकडे डिपॉझिट भरायला पैसे नव्हते, बहिणीच्या सासऱ्यांकडून आणले. ग्रॅच्युइटी नावाची एक गोष्ट असते, म्हणजे काम सोडताना दर वर्षाच्या सेवेमागे १५ दिवसांचा पगार या हिशेबाने मिळणारी रक्कम, आणि ती आपल्यालाही लागू होते हे मला पुढे तीन वर्षांनी कळलं, एका बँकेतल्या मैत्रिणीकडून. तिने कागदावर मांडून दाखवलं, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून: ५,२०० भागिले २६ म्हणजे २००, गुणिले १५ म्हणजे ३,०००, गुणिले ११ वर्षं, झाले ३३,०००. दवाखान्याचं बिल २८,००० झालं होतं. ती शाल अजून माझ्याकडे आहे, थंडीत वापरते. पण ते ३३,००० माझे होते गं, आणि मला कोणी सांगितलंच नाही, मीही विचारलं नाही कारण विचारणं म्हणजे कमीपणा असं वाटायचं.

म्हणून तुला सविस्तर लिहितेय.

आधी त्या मानधन शब्दाबद्दल. हा शब्द आपल्याकडे फार मानाने वापरतात पण कामाच्या जागी त्याचा उपयोग एकच होतो, समोरच्याला कामगार म्हणायचं नाही. आशाताई स्वयंसेविका, अंगणवाडी ताई मानधनावर, आणि संस्थेतली कार्यकर्ती तर काय घरचीच. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस याच मुद्द्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, गुजरातमधल्या केसेस होत्या, आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल लागला की त्यांनाही १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे, आणि ज्याला मानधन म्हणतात ती रक्कम त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे. ती केस सरकारी योजनेतली, तुझी संस्था खाजगी, त्यामुळे तो निकाल जसाच्या तसा तुला चिकटत नाही. पण एक गोष्ट त्याने कायमची सांगून ठेवली, की नाव काय दिलंय यावरून ठरत नाही, काम काय आहे, किती तास आहे, कोण सांगतं, कोण पैसे देतं यावरून ठरतं. तू रोज जातेस, रिपोर्ट देतेस, सुट्टी विचारून घेतेस. मग नोकरी वेगळी ती काय असते?

आता तुझा हिशेब. दहा किंवा जास्त माणसं जिथे कामाला आहेत तिथे ग्रॅच्युइटी लागते, तुम्ही २६ आहात. त्यासाठी लागणारी पाच वर्षं तुझी कधीच झाली. आणि ते ११ महिन्यांचं पत्र देऊन एक महिना खंड दाखवतात ना, त्याने सेवा आपोआप तुटते असं समजू नकोस, वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष सलग धरलं जातं आणि मला खात्री आहे तू त्या 'खंडाच्या' महिन्यात पण पाड्यावर गेलेली आहेस. सगळी रक्कम वेतन धरली तर ११,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ९, साधारण ५७,००० होतात. ही कोणाची मेहेरबानी नाही. तसंच पीएफचं. २० किंवा जास्त माणसं असली की पीएफ लागतो आणि १५,००० च्या आत पगार असेल तर तो ऐच्छिक पण नसतो. १२ टक्के तुझे, १२ टक्के संस्थेचे, म्हणजे तुझ्या केसमध्ये दोन्हीकडून प्रत्येकी १,३२० दर महिन्याला. तुझ्याकडे यूएएन नंबर, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर, आहे का? नसेल तर तो पहिला प्रश्न विचार. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा, तीही दहा किंवा जास्त माणसं असली की द्यावी लागते, तुमच्यातल्या किती जणींना मिळाली ते जरा आपसात विचारून बघा. आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, तीही दहा किंवा जास्त माणसं असली की बंधनकारक. तो २०१३ चा कायदा सुप्रीम कोर्टाच्या ज्या विशाखा निकालातून आला, तो १९९७ चा निकाल मुळात राजस्थानातल्या भंवरीदेवींमुळे आला, आणि त्या कोण होत्या तर गावपातळीवर काम करणारी एक साथिन, बालविवाह थांबवायला गेली म्हणून अत्याचार सोसलेली. आपल्यासारखीच फील्डवरची बाई.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची नाही, ती पण सांगायला हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत 'उद्योग' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातून धर्मादाय आणि समाजसेवा करणाऱ्या संस्था वगळल्यात. सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालानंतर अशा बऱ्याच संस्था उद्योगात धरल्या जात होत्या, आता ती वाट अरुंद झाली. म्हणजे उद्या तुला काढलं तर कामगार न्यायालयात जाऊन परत रुजू करा म्हणणं अवघड आहे. ग्रॅच्युइटी, पीएफ, बाळंतपण हे सगळं वेगळ्या संहितेत आहे, ते तसंच उभं आहे. पण मी भांडते, बघू काय करतात असं म्हणून एकटीने उडी मारू नकोस एवढंच. आणि वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जमातीच्या माणसांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तू दोन्हीत बसतेस.

आता मोठ्या ताईंबद्दल. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाहीये कारण अशा बायका मी जवळून बघितल्यात, तीस तीस वर्षं त्यांनी दिलीत, कंदिलाच्या उजेडात बसून दावे लिहिलेत, पोलिसांचा मार खाल्लाय. त्या 'काम करतो' म्हणतात तेव्हा त्या खरंच मनापासून म्हणतात. पण आपल्याकडे म्हण आहे ना, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या. ती नेहमी भाकऱ्या भाजणाऱ्याला हसायला वापरतात. मी तिच्यातल्या पहिल्या दोन शब्दांकडे बघते. घरचं खाऊन. घरी खायला असेल तर भाजता येतात. नवऱ्याची प्राध्यापकाची नोकरी आहे, पुण्यात वडलांचा फ्लॅट आहे, मुलांच्या शिक्षणाला आजोबा आहेत, मग पाच हजारांत, दोन हजारांत, फुकटसुद्धा काम करता येतं आणि तो त्याग खराच असतो. पण तोच त्याग संस्थेचा नियम केला की काय होतं बघ. ज्याच्या घरी काही नाही तो एक तर टिकत नाही, नाहीतर कायम खालीच राहतो, कारण त्याला सुट्टीच्या दिवशी रोजावर जायला लागतं, इंग्रजीचा क्लास लावायला पैसे नसतात, दिल्लीच्या वर्कशॉपला जायचं तर घर कोण बघणार. म्हणजे विश्वस्त मंडळात तुमच्यातलं कोणी का नाही, याचं उत्तर तुझ्या त्या ११,००० मध्येच आहे. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पत्रात तू ते वेगवेगळे लिहिलेत, मी म्हणते एकत्रच मांड.

ती पुण्याची मुलगी, तिच्यावर राग धरू नकोस. ४५,००० हे तिच्या शिक्षणाला काही फार नाहीत, ती घरापासून लांब येऊन राहतेय, आणि तुझे ११,००० तिने ठरवलेले नाहीत. उलट तिला सांग. मी पैजेवर सांगते तिला तुझा आकडा माहीतच नसेल. अर्जावर तिची सही मिळाली तर त्या अर्जाचं वजन वाढेल कारण मग 'लोकल लोकांची कुरबुर' म्हणून तो बाजूला टाकता येणार नाही.

प्रश्न फक्त एवढाच विचार, की तिची डिग्री मोजली तशी तुझी पावरी का मोजली नाही? तू जे करतेस त्याला बाहेर पैसे पडतात. भाषांतर, सभा चालवणं, दाव्याला पुरावे गोळा करणं, म्हाताऱ्यांचे जबाब घेणं, कोणत्या पाड्यात कोणाचं कोणाशी पटत नाही हे माहीत असणं. हे दुसऱ्या कोणाला शिकायला दहा वर्षं लागतील. जाहिरातीत 'इंग्रजीवर प्रभुत्व आवश्यक' लिहितात, स्थानिक भाषा 'असल्यास प्राधान्य'. इंग्रजी कशाला लागते तर प्रपोजल लिहायला. आणि पावरी कशाला लागते? तर ज्यासाठी प्रपोजल लिहिलं ते करायला.

आता ते म्हणतील संस्थेकडे पैसेच नाहीत. हे बऱ्याचदा खरं असतं, त्यामुळे नीट समजून घे म्हणजे बोलता येईल. देणगीदारांना शाळा, विहिरी, लाभार्थ्यांचा आकडा आवडतो, पगार आवडत नाही. सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी दिलेले पैसे असतील तर कोणीतरी नक्की म्हणेल की प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, एखादा प्रकल्प राबवायला, त्याची देखरेख करायला जो थेट खर्च होतो तो त्यात धरत नाहीत, आणि तू म्हणजे राबवणंच. परदेशी निधी असेल तर त्याच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला, त्याने छोट्या संस्थांचे खरंच हाल झालेत, शिवाय एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या छोट्या संस्थेला देता येत नाही असं झालं, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या कित्येक संस्थांचा झराच आटला. पण तिथेही संस्थेच्या उद्दिष्टासाठी थेट झालेला खर्च, म्हणजे दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार, प्रशासकीयमध्ये धरत नाहीत. तुझं कामही त्याच जातीचं आहे. तेव्हा 'नियमच तसा आहे' हे कोणी म्हणालं तर शांतपणे विचारायचं, कुठला नियम, आणि माझी पोस्ट बजेटमध्ये कुठल्या हेडखाली आहे ते दाखवता का.

हे त्यांनी दाखवलं नाही तरी थोडं तुला स्वतःला बघता येतं. नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला, म्हणजे ट्रस्टला, दर वर्षी ऑडिट केलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात, तिथे अर्ज करून, फी भरून ते बघता येतात, नकला मिळतात. त्यात परिशिष्ट नऊ म्हणून उत्पन्न-खर्चाचं पत्रक असतं. आस्थापना खर्च वेगळा असतो, विश्वस्तांना काही मोबदला दिला असेल तर त्याची वेगळी ओळ असते, आणि उद्दिष्टांवरचा खर्च वेगळा. तुमचं मानधन बहुतेक त्या शेवटच्यात मिसळलेलं असेल. परदेशी निधीचं वार्षिक विवरण पूर्वी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या साइटवर पण असायचं, २०२२ मध्ये ते तिथून काढलं. अकाउंटवाल्या दादाला यात अजिबात ओढू नकोस, त्याने तुला आकडा सांगितला हे कोणाला कळता कामा नये, त्याचीही नोकरी आहे.

आणि खरंच पैसे कमी असतील तर कमी पैसे सगळ्यांमध्ये कसे वाटायचे हे तर संस्थेनेच ठरवलंय ना? एका छपराखाली चौपट फरक कुठल्या सरकारने सांगितला नव्हता.

आता विश्वस्त मंडळ. हा वाद महाराष्ट्रात नवीन नाहीये, जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला, आणि आठवड्याच्या आत, ३० सप्टेंबरला, मुंबईत अस्पृश्यताविरोधी संघ निघाला, पुढे तोच हरिजन सेवक संघ झाला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर म्हणजे ठक्करबाप्पा. डॉ. आंबेडकर सुरुवातीला त्या मंडळावर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना नोव्हेंबरमध्ये बोटीवरून त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र लिहिलं, काय काम करावं, कसं करावं, आणि त्यात हेही की कार्यकर्ते शक्यतो अस्पृश्य समाजातूनच घ्या, कारण पैशासाठी कुठलंही काम करणारी माणसं मिळतील पण या कामाला जी आस्था लागते ती त्याच समाजातल्या माणसाला असणार. संघाने ते मनावर घेतलं नाही, बाबासाहेब बाहेर पडले. गांधीजींची बाजू अशी होती की अस्पृश्यता हे सवर्णांचं पाप आहे, त्याचं प्रायश्चित्त त्यांनीच करायचं, कर्ज फेडणाऱ्यांचं हे मंडळ आहे, त्यात ज्याचं देणं आहे त्याने कशाला बसायचं. मी दोन्ही बाजू बऱ्याच वेळा मनात घोळवल्यात. प्रायश्चित्ताची भावना खरी असेलही. पण ज्याचं देणं आहे त्याला किती दिलं, कधी दिलं, कसं दिलं हे विचारायची जागाच नसेल तर फेड झाली की नाही हे ठरवणार कोण? दुसराच कोणीतरी ठरवणार, आणि तो म्हणणार झाली.

तुमच्याच कामातलं उदाहरण घे. वनहक्क समिती, म्हणजे जंगलजमिनीचे दावे तपासणारी गावची समिती, कशी करायची हे तू किती गावांना शिकवलंस? दहा ते पंधरा माणसं, त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश बायका, नाहीतर समिती नियमाप्रमाणे नाही. हे तू फळ्यावर लिहून दाखवलं असशील. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ७० टक्के लोक आदिवासी आहेत तिथल्या संस्थेच्या सात विश्वस्तांत एकही नाही, आणि तीच संस्था गावाला सांगते की तुमच्या समितीत तुमची माणसं हवीत. हे भांडण म्हणून मांडायची गरजच नाही. आपण गावाला जे शिकवतो ते आपल्या घरी करू, एवढंच म्हण. मोठ्या ताई ज्या चळवळीतून आल्यात त्यात वाढलेल्या माणसाला हे वाक्य टाळता येणार नाही असं मला वाटतं.

यात दोन अडचणी येतील त्या आधीच सांगते. एक म्हणजे संस्थेच्या घटनेत विश्वस्तांची संख्या किती लिहिलीय ते बघावं लागेल. जागा रिकामी असेल किंवा वाढवायला वाव असेल तर ठराव करून नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, हे दर वर्षी कित्येक संस्था करतात, काही डोंगर उचलायचा नाही. दुसरी अडचण अशी की घटनेत तशी तरतूद नसेल तर विश्वस्ताला पगार मागता येत नाही. म्हणजे तुलाच विश्वस्त केलं आणि 'आता तू विश्वस्त झालीस, मानधन बंद' असं झालं तर काय कमावलं? त्यामुळे मी म्हणेन विश्वस्त म्हणून गावातली माणसं जाऊ देत, ज्यांनी तुमच्याबरोबर दावे लढवले त्या बायका, एखादा निवृत्त शिक्षक, एखादी माजी सरपंच, दोघं तरी, कारण एकटा माणूस तिथे बुजतो आणि माना डोलवून येतो. आणि कार्यकर्त्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी मंडळाच्या प्रत्येक बैठकीला, बजेटच्या बैठकीला तर नक्कीच. बैठक पुण्यात झूमवर इंग्रजीत नको, वर्षातून निदान दोनदा धडगावला आणि पावरी-मराठीत. नाहीतर नाव यादीत येईल आणि आवाज येणार नाही. अपंग, एकल बाया, यांचा पण विचार करा, पण सुरुवात कुठून तरी करायचीय तर इथून कर.

सोडू का विचारलंस. आत्ता सोडू नकोस असं मला वाटतं. तू सोडलीस तर त्यांना दुसरी बारावी झालेली मुलगी ८,००० वर मिळेल आणि तुझी नऊ वर्षं एका निरोपसमारंभात संपतील. आणि गप्प पण बसू नकोस, मी बसले होते.

आधी कागद जमव. नऊ वर्षांची सगळी पत्रं, बँकेचं पासबुक, दौऱ्याच्या डायऱ्या, सह्या असलेले सभेचे फोटो, व्हॉट्सअॅपवरच्या सूचना. सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवून ठेव. मग बाकीच्यांशी बोल, पण ऑफिसच्या ग्रुपवर नाही, बाजाराच्या दिवशी चहाला बसा आणि प्रत्येकाने आपापला आकडा मोठ्याने सांगा. हे फार अवघड जातं, आपल्याला पगार सांगायची लाज शिकवलेली असते. मी एकदा एका तालुक्यात कार्यकर्त्यांचं असं बसणं घेतलं होतं, आठ जण होते, पहिला आकडा बाहेर यायला वीस मिनिटं लागली. एक ड्रायव्हरदादा म्हणाले सहा हजार. त्यांच्या शेजारी बसलेली बाई, चौदा वर्षं तिथे होती, ती म्हणाली मला साडेपाच. त्यानंतर कोणी काही लपवलं नाही.

मग सगळ्यांच्या सहीने एक अर्ज, मोठ्या ताईंना आणि प्रत्येक विश्वस्ताला वेगवेगळा. नुसतं 'मानधन वाढवावे' लिहू नका. नेमणूकपत्र हवं ज्यात पदाचं नाव आहे, पगाराची स्लिप हवी, पीएफ मागच्या तारखेपासून, मोटरसायकलचं पेट्रोल पदरमोड करून चाललंय ते बंद, आणि सगळ्या संस्थेची एकच वेतनश्रेणी, सर्वात कमी किती आणि सर्वात जास्त किती हे लिहिलेली, ज्यात अनुभवाची वर्षं आणि स्थानिक भाषा दोन्हीला आकड्यात किंमत आहे. तुमच्या भागातल्या किमान वेतनाचा आत्ताचा दर कामगार कार्यालयातून लेखी घेऊन अर्जाला जोडा, त्याच्या खाली तर कोणालाच जाता येत नाही. प्रतिनिधित्वाची मागणी त्याच अर्जात. उत्तराला तारीख द्या, एक महिना पुरे. अर्जाच्या प्रतीवर पोचेची सही आणि शिक्का घ्या, नाहीच दिला तर स्पीड पोस्टाने.

मोठ्या ताईंना अर्ज द्यायच्या आधी एकदा घरी जाऊन भेट. अर्ज पोस्टाने कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळू दे. त्या परत म्हणाल्या ना, आपण नोकरी करत नाही, तर म्हण की ताई, मला हे काम म्हातारी होईपर्यंत करायचंय म्हणूनच मागतेय, नाहीतर शहाद्याला दुकानात बसले तरी इतकेच मिळतील. हे तुझ्या पत्रात कुठेतरी आहेच, तू फक्त ते त्यांना बोललेली नाहीस.

महिनाभरात काही झालंच नाही, किंवा अर्ज दिल्यावर पुढचं पत्रच दिलं नाही, तर मग पीएफ कार्यालय, ग्रॅच्युइटीचा लेखी अर्ज, विधी सेवा, या क्रमाने जायचं आणि तेव्हा सोडायचं. अनुभवाचं प्रमाणपत्र मात्र भांडण पेटायच्या आधीच मागून घे, नऊ वर्षांचं, कामाची यादी असलेलं.

आणि अर्जात शेवटची ओळ त्या फोटोची घाल. पुढचा अहवाल छापाल तेव्हा फोटो छापायच्या आधी त्या माणसाला विचारावं आणि फोटोखाली पूर्ण नाव आणि पद लिहावं. पैसा लागत नाही, ठराव लागत नाही, एका दिवसात होतं. ही मागणी ते मान्य करतात की नाही यावरून बाकीच्यांचं काय होणार याचा तुला अंदाज येईल.

मसुदा मराठीतच लिही, हाताने लिहिलास तरी चालेल. फोटो काढून मला पाठव, आकडे मी तपासून देते.